कोमीनो

इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती चादरींना इस्त्री करायची. दिवसभर वाफेत, म्हणून सगळे तिला वाफवाली म्हणत. तिचा एकुलता एक मुलगा बोटीवर इंजिनाच्या कामाला होता. त्याने दूरच्या बंदरातल्या मुलीशी लग्न केलं, तेही तिला फोनवर सांगितलं. ती थोडे दिवस रुसली, मग निवळली. सुनेला स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं. दोघींच्या मधे मुलगाच दुभाषा.

"आई, ही म्हणते, तुमचा मुलगा फार घोरतो."

"सांग तिला, दिलेला माल परत घेत नाही."

मग बोटीच्या इंजिनाला आग लागली आणि त्यात तो गेला.

सुनेचा फोन तरीही रविवारी यायचा. दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत बसायच्या. मधेच छोटी नात तोंड दाखवून पळायची. एकदा सुनेने कढई पुढे धरली. तो सुट्टीवर आला की स्वतः बटाटे परतायचा, तसेच तिने केले होते. एक फोड खाऊन सुनेने नकारार्थी मान हलवली. काहीतरी राहून गेलं होतं. वाफवालीने चिमूटभर जिरं फोनसमोर धरलं. सुनेला ते कसलं बी, काही कळेना.

खालच्या मजल्यावर भाषा शिकवणाऱ्या बाई राहायच्या. वाफवाली त्यांच्याकडे गेली. "बाई, जिऱ्याला तिकडे काय म्हणतात?"

"कोमीनो."

"कामीनो."

"अहो, को! कामीनो म्हणजे रस्ता."

आठवडाभर चादरींवर इस्त्री फिरवताना ती तो शब्द घोकत होती. बरोबरच्या बायकांना वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. रविवारी सुनेचा चेहरा दिसला आणि तोंडून नेमकं निघालं, "कामीनो."

सुनेने उठून फोन खिडकीशी नेला आणि खालचा रस्ता दाखवला. मुलगा बंदराकडून त्याच रस्त्याने घरी यायचा. आता तिथे कुणीच नव्हतं.

"को! को-मीनो!" वाफवाली रडकुंडीला येऊन ओरडली.

सुनेने शेजारणीकडून जिरं आणलं, तेलात टाकलं. बटाटे चाखले आणि ओट्याला टेकून हुंदके देऊन रडली. इकडे वाफवालीनेही पदर तोंडाला लावला.

पुढे फोन कमी होत गेले. शेवटच्या वेळी सून खूप वेळ बोलली, भराभर, डोळे पुसत. वाफवालीला एक अक्षर कळलं नाही. सुनेला वाईट वाटू नये म्हणून ती आपली "सी, सी", म्हणजे हो, हो, म्हणत राहिली. एक शब्द मात्र पुन्हा पुन्हा आला, तेवढा तिने धरून ठेवला.

"मुदान्सा? म्हणजे घर बदलणं, बिऱ्हाड हलवणं," बाई म्हणाल्या. "कुठे चालल्यात त्या?"

"सांगितलं असेल हो तिने," वाफवाली म्हणाली. "मी हो म्हणाले."

तो नंबर पुन्हा लागला नाही.