कमानीच्या पुढचा लिंब

आमच्या गावात एका माणसाला लहानथोर सगळे ‘एक नंबर’ म्हणतात आणि तो माणूस प्रत्येकाला न चुकता दुरुस्त करतो, ‘‘दुसरा. दुसरा आलतो मी.’’ लग्नाच्या मांडवात पाहुण्याशी ओळख करून दिली तरी तेच, तलाठ्याच्या टेबलासमोर उभा राहिला तरी तेच. एकदा शाळेच्या झेंडावंदनाला सरपंचांनी माइकवरून ‘प्रथम क्रमांक विजेते, आपल्या गावाचं भूषण’ अशी ओळख करून दिली, तर हा खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाला, ‘‘दुसरा, सरपंच.’’ लोक हसले, टाळ्या वाजल्या. ‘बघा, केवढा साधा माणूस,’ म्हणून सरपंचांनी पुन्हा प्रथम क्रमांकच म्हटलं.

त्यांचं खरं नाव अंकुश. मी त्यांना अण्णा म्हणते. आमचं गाव शिरूर कासार तालुक्यातलं. दसरा झाला की निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि माणसं ऊसतोडीला कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात. अण्णांचे आईवडीलही त्यातलेच. अण्णांनी मात्र तरुणपणी कोयता ठेवला आणि पळण्याचा धंदा धरला. जिथं मोठी शर्यत असेल तिथं जायचं, पळायचं, बक्षीस मिळेल ते घरी पाठवायचं. गावातल्या म्हाताऱ्यांना हे काही केल्या पटत नसे. ‘पोलीस मागं न्हाई, कुत्रं मागं न्हाई, मग पळतो कावून?’ असं एका आजोबांनी त्यांना तोंडावर विचारलं होतं.

मग ती शर्यत आली. दूरच्या एका मोठ्या शहरात होती आणि पहिल्या येणाऱ्याला खेळाडूंच्या कोट्यातून पक्की नोकरी होती. म्हणजे आईबापांचे कोयते कायमचे खाली. मी तेव्हा शाळेत होते. मारुतीच्या पारावर एका मोबाइलभोवती सगळं गाव गोळा झालेलं. अण्णा सगळ्यांच्या पुढे. समोर मोठी कमान आली, तिच्याखाली त्यांनी दोन्ही हात वर केले आणि पारावर जो गलका उठला त्यात मोबाइल कुणाच्या खिशात गेला, कुणालाच कळलं नाही. फटाके वाजले. कुणीतरी शिरूरला फ्लेक्सवाल्याला फोनसुद्धा लावला. दिवस मावळताना बातमी आली की अण्णा दुसरे आले. पण तोवर फ्लेक्स छापून गावच्या कमानीवर चढलं होतं. अण्णांचा हसरा फोटो आणि खाली हातभर अक्षरांत ‘प्रथम क्रमांक’.

ते उतरवायचं तेव्हा कुणाला सुचलं नाही. सुचलं तरी कुणी उतरवलं नसतं. गावानं तोवर निकालही लावून टाकला होता: आधी पहिला, मग दुसरा, म्हणजे मधल्या मधे काहीतरी शिजलं. राजकारण झालं. आमच्या जिल्ह्यात एवढं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. अण्णा गावात उतरले तेव्हा हलगी लावून त्यांना कमानीखाली आणलं. ते म्हणत होते, ‘‘अरे ऐका तरी, मी...’’ तेवढ्यात त्यांच्या तोंडात कुणीतरी पेढा कोंबला. ‘‘जाऊ दे अंकुश, आमच्यासाठी तूच एक नंबर.’’ तेव्हापासून ते नाव चिकटलं.

नोकरी अर्थातच मिळाली नाही. गुडघ्यानंही साथ सोडली. त्या हंगामात अण्णा आईबापांबरोबर उसाला गेले. त्यांची आई, आमची गयाकाकू, हिशेबी बाई. एवढं मोठं, मजबूत फ्लेक्स वाया कशाला घालवायचं म्हणून तिनं ते काढून बरोबर नेलं आणि फडावरच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीवर, अंथरलं. अख्खा हंगाम अण्णा स्वतःच्याच हसऱ्या तोंडाखाली झोपले. काकू सांगते, ‘‘पोराचं तोंड डोक्यावर होतं. एक थेंब आत आला न्हाई.’’ तिला लिहितावाचता येत नाही. पण अण्णांनी तिला बसवून सांगितलं होतं म्हणे, आई, यावर लिवलंय ते खरं न्हाई. त्यावर ती म्हणाली होती, ‘‘गळत न्हाई ना? मग ऱ्हाऊ दे.’’

परत आल्यावर अण्णांनी गावातल्या पोरापोरींना पोलीस भरतीसाठी पळवायला सुरुवात केली. तांबडं फुटायच्या आत आम्ही मांजरसुंब्याच्या बाजूच्या रस्त्याला लागायचो. अण्णा लंगडत सायकलवरून मागे. खिशात गूळ-शेंगदाणे. ओरडायचे नाहीत, शिव्या द्यायचे नाहीत. त्यांचा हट्ट एकच होता. परत येताना गावची कमान आली की आमचे पाय आपोआप सैल व्हायचे, आणि नेमकं तिथंच त्यांना थांबलेलं चालत नसे. कमानीच्या पुढं, चांगलं लांब, एक कडुलिंबाचं झाड आहे. त्याच्या खोडाला हात लागल्याशिवाय थांबायचं नाही. ‘‘कमानीला फशी पडू नका,’’ ते म्हणायचे. कुणी कमानीखाली थांबलाच, तर सगळ्यांनी माघारी जाऊन पुन्हा पळायचं. आम्ही त्यांच्या पाठीमागं त्या लिंबाला भरपूर शिव्या घातल्या आहेत.

माझ्या वडिलांनी माझी सोयरीक बघायला घेतली होती. उसाला जाताना पोरगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. अण्णा एका सकाळी येऊन ओट्यावर बसले. चहा घेतला. मग म्हणाले, ‘‘दादा, एक भरती होऊ द्या तिची.’’ वडील म्हणाले, ‘‘आन न्हाई झाली तर?’’ ‘‘तर दुसरी होऊ द्या. पयल्या खेपेला कुणाचं होतंय?’’ वडिलांना हसू आलं आणि हसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. अण्णांचा हा गनिमी कावा मला फार उशिरा कळला.

पहिली भरती गेली. एका मार्कानं गेली. त्या दिवशी आमच्या घरी सांत्वनाला रीघ लागली. ‘तुझं काम झालंच होतं, दुसरीचा वशिला लागला असंल.’ ‘समदं राजकारण हाय.’ मी मान हलवत होते आणि आतून कोंडत होते. अण्णा आले ते उंबऱ्याजवळ बसून राहिले. सगळे उठून गेल्यावर म्हणाले, ‘‘कुठं गेला मार्क?’’

‘‘गोळाफेकीत,’’ मी म्हटलं. ‘‘हाताला घाम होता. पुसायचा राहिला. सटकला.’’

‘‘कुणी गडबड केली?’’

‘‘न्हाई अण्णा. माझंच चुकलं.’’

‘‘मग बरं हाय,’’ ते म्हणाले, आणि मला रडू फुटलं. त्यांनी रडू नको म्हटलं नाही. उठूनही गेले नाहीत. दिवसभर सगळ्यांनी माझी चूक माझ्या हातातून काढून घेतली होती, ती या माणसानं मला परत दिली, असं मला वाटलं. माझं रडून झालं तेव्हा मी विचारलं, ‘‘अण्णा, तुमचं कसं झालतं?’’

‘‘हे आजपत्तोर कुणी इचारलंच न्हाई बघ,’’ ते म्हणाले. मग सांगू लागले. ‘‘मैदानाच्या तोंडाला कमान होती. जाहिरातीची, फुगे लावलेली. आता आपल्याला काय सवय? शाळा सुटली की शर्यत लावायची ती गावच्या कमानीपत्तोर. कमानीला पयला त्यो पयला. मला वाटलं, झालं. हात वर केले, पाय ढिले सोडले. फीत पुढं होती. मागचा पोरगा पळतच ऱ्हायला. मला उमगलं तवा म्याबी पळालो, पन त्याची छाती आदी लागली. हातभर फरक.’’ मग म्हणाले, ‘‘लई गुणी पोरगा. त्यानंच मला पाणी पाजलं. गाव म्हनतं राजकारण झालं. म्हंजे त्यो चोर ठरला ना? त्यो खरंच जिंकलता. म्हून मी सांगत ऱ्हातो, दुसरा आलतो.’’

माझ्या डोळ्यांसमोर तो पार आला. मोबाइलवर बघणारं आमचं अख्खं गावही त्याच कमानीला फसलं होतं. हात वर झालेले बघून आम्हीही झालं म्हणालो आणि फटाके लावले. चूक सगळ्यांची एकच होती. पस्तावायला मात्र अण्णा एकटे राहिले, आणि त्यांनी तोंड उघडलं की आम्ही प्रेमानं ते बंद करत आलो. मला त्या संध्याकाळी गावाचा राग आला आणि दयाही आली.

पुढच्या भरतीला मी हात पुसला. निवड झाली. यादी लागण्याआधी फ्लेक्स करायचं नाही, हे अण्णांनी शिरूरला जाऊन स्वतः बजावलं होतं. यादी लागल्यावर मात्र पोरांना धीर निघेना. माझा फोटो मोठा आणि खाली मार्गदर्शक म्हणून ‘एक नंबर अण्णा’ असं ठरलं. मी दुकानात गेले आणि मजकूर बदलून घेतला. दुकानदार म्हणाला, ‘‘ताई, दुसऱ्या नंबराचं फ्लेक्स कुणी करत न्हाई. लोक म्हनतील, छापताना चुकलं.’’ मी म्हटलं, ‘‘मागच्या वेळी चुकलं होतं. हे तसंच छापा.’’

मी ट्रेनिंगला निघाले त्या सकाळी एसटी कमानीच्या बाहेरच्या बाजूला उभी होती. वडील माझी पेटी वर चढवत होते. रस्त्यावरून अण्णांची नवी पोरं पळत येत होती, मागे सायकल. पोरं सवयीनं कमानीखालून पुढे गेली. सायकल मात्र कमानीपाशी आली आणि थांबली. अण्णांनी एक पाय टेकला. वर माझा फोटो होता, त्याच्या खाली त्यांचा, आणि त्यांच्या नावापुढं ‘मॅरेथॉन शर्यत, द्वितीय क्रमांक’. त्यांनी ते ओठ हलवत वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग गळ्यातल्या गमछ्यानं त्यांनी तोंड पुसलं, आणि पुसता पुसता गमछा बराच वेळ डोळ्यांवरच राहिला.

पोरं लिंबाला हात लावून माघारी वळली होती. त्यातला एक आगाऊ लांबूनच म्हणाला, ‘‘सर, तुमी थांबलात कमानीला. आता तुमालाबी माघारी जावं लागतंय.’’

‘‘जातो की,’’ अण्णा म्हणाले. त्यांनी सायकल वळवली आणि आले त्या रस्त्यानं खरंच मागे गेले. माझी एसटी सुटली तेव्हा ते समोरून पुन्हा येत होते, भरधाव, पेडलवर उभे राहून. खिडकीशी आले तेव्हा मी हात हलवला. त्यांनी हात वर केला नाही. त्यांचं लक्ष माझ्या मागं, कमानीच्या पुढं, त्या लिंबाकडे होतं.