निघालेल्याला ‘कुठे’ विचारू नये

या सदरातले अनुभव मी जेवताना वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. माझं कामच तसं आहे — माणसं कुठून कुठे जातात, कशी जातात, थांब्यावर किती वेळ ताटकळतात, याची मोजदाद. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं मी वर्गात मुलांना छातीठोकपणे सांगायचे. हल्ली सांगत नाही. हे लिहितानाही जरा ओशाळल्यासारखं होतंय, पण लिहून टाकते एकदाचं.

मी मूळची तासगावची. शहर आणि वाहतूक नियोजनात पीएचडी केली आणि दीड वर्षापूर्वी चेन्नईतल्या एका संस्थेत असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागले. अजून प्रोबेशनवर आहे. राहते अण्णा नगरला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये, बसथांबा बिल्डिंगच्या अगदी दारात. संशोधनाचा विषय म्हणजे म्हातारी माणसं घरातून बसथांब्यापर्यंत कशी पोचतात. त्यासाठी मैलापूरला सर्व्हे चालू आहे. टॅबवर फॉर्म असतो : वय काय, कुठून निघालात, कुठे चाललात, थांब्यापर्यंत पायी आलात की रिक्षाने. ‘कुठे चाललात’ हे मी इतक्यांदा विचारलंय की झोपेतही विचारेन.

आई गेल्यापासून बाबा तासगावात एकटेच राहायचे. दोनदा म्हणाले, “मनू, येऊ का गं चार दिवस तुझ्याकडे?” दोन्ही वेळा मी म्हटलं, “आत्ता नको बाबा, सर्व्हे चाललाय. मला घरी थांबता यायचं नाही.” खोटं नव्हतं ते. पण अगदी खरंही नव्हतं... मला कंटाळा आला होता, एवढंच.

गेल्या जूनमध्ये एका सकाळी त्यांचा फोन आला. मी थांब्यावर, हातात टॅब. “निघालोय बरं का,” म्हणाले. मी सवयीने, अगदी फॉर्म भरायच्या आवाजात विचारलं, “कुठे? पायी की रिक्षाने?”

ते हसले. “अगं, निघालेल्याला कुठे म्हणून विचारू नये. एवढी शिकलीस आणि... असू दे. पोचलो की सांगतो.”

समोर बस लागली होती, माणसं चढत होती. मी “बरं बरं” म्हणून फोन ठेवला.

तासाभरातच तासगावच्या एसटी स्टँडवर, बाकावर बसल्या बसल्या ते गेले. हार्ट अटॅक. पिशवीत दोन शर्ट, एक लेंगा आणि किलोभर बेदाणे निघाले. तिकीट नव्हतं. एसटीचं तिकीट गाडीत बसल्यावर मिळतं आणि रेल्वेचं रिझर्व्हेशन बाबांनी जन्मात कधी केलं नाही, खिडकीवर जाऊन मिळेल ते घ्यायचे. तासगावच्या स्टँडवरून माणूस कुठेही जाऊ शकतो. पुण्याचा माझा दादा म्हणाला, “माझ्याकडे नव्हते येत. आले असते तर आधी दहा फोन केले असते.” कोल्हापूरची आत्या म्हणाली, माझ्याकडेही नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “मला माहीत नाही.” तेरावं झाल्यावर चेन्नईला परत आले आणि दुसऱ्या दिवशी थांब्यावर उभी राहिले.

रडू आलं नाही. तेव्हाही नाही आणि पुढचे आठ महिनेही नाही. दादा नातेवाइकांना सांगायचा, मनू खंबीर आहे. खंबीर कसली... दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल बधिर होतो ना, तशी झाले होते. चावला गेला तरी कळत नाही. वर्ग घेत होते, फॉर्म तपासत होते, दहीभात खात होते. डोक्यात एकच गोष्ट होती. इतकी अनोळखी माणसं कुठे चालली होती ते माझ्या लॅपटॉपमध्ये आहे आणि माझा बाप कुठे निघाला होता ते मला ठाऊक नाही. आणि ठाऊक करून घ्यायची भीतीही वाटायची. माझ्याकडेच निघाले असतील तर? मी दोनदा नको म्हटल्यावर?

तर... फेब्रुवारीतला मंगळवार. सकाळचे सव्वादहा. मैलापूरच्या देवळाच्या तळ्याजवळचा थांबा, ऊन चांगलंच वर आलेलं. बरोबर माझी विद्यार्थिनी रेवती होती. बाकावर एक आजी बसल्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या, मांडीवर मोगऱ्याची पुडी. रेवतीने वाकून विचारलं, “एंगे पोरींग, पाट्टी?” म्हणजे, कुठे चाललात आजी? आजी तिच्या अंगावर तमिळमध्ये अशा कडाडल्या की बिचारी दोन पावलं मागे आली.

“मॅडम, त्या चिडल्यात. घरातून निघालेल्याला असं विचारायचं नसतं म्हणतात.” मग हळूच म्हणाली, “आमच्या घरीपण नाही विचारत.”

“आता फॉर्म कसा भरायचा, कपाळ!” मी मराठीत पुटपुटले.

आजींनी गर्रकन मान वळवली. “मराठी काय गे तूं?”

तंजावरकडची काही मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या इथेच आहेत. त्यांची मराठी जुनी, तमिळ हेल काढून बोललेली. मी हो म्हटलं, जवळ गेले.

“निघालेल्या माणसास कोठें करून विचारूं नये,” आजी म्हणाल्या. “दूर काय, इतकेंच विचारावें. आईबापानें नाहीं शिकविलें?”

“शिकवलं होतं,” मी म्हटलं.

“सेरी, बरें, मग विचार.”

“दूर काय, आजी?”

“माझें नाहीं गे दूर,” असं म्हणून त्या हसल्या.

बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी मुकाट दिली. सत्तरीच्या वर वय, एकट्या, घरून पायी. पण कुठे जाणार ते भरल्याशिवाय आमचा फॉर्म पुढे सरकत नाही. मी नकाशा उघडून टॅब पुढे केला. त्यावर फक्त मैलापूर दिसत होतं. “माझ्याजवळ चष्मा नाहीं,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “नुसतं बोट टेकवा.” कुठेही टेकलं असतं तरी चाललं असतं, नंतर तो फॉर्म बाजूला काढणारच होते मी. आजींनी एक बोट टेकवलं आणि जरा जास्तच वेळ तसंच ठेवलं. तेवढ्यात बस आली. “जाऊन येतें,” म्हणाल्या आणि चढल्या. मी सबमिट दाबलं.

दुपारी डिपार्टमेंटमध्ये त्या दिवसाचे फॉर्म तपासत बसले. आजींचा फॉर्म नीट होता. बाई, सत्तरीच्या वर, एकट्या, पायी. नकाशावरची खूण मात्र अण्णा नगरला पडली होती — माझ्या बिल्डिंगच्या दारातल्या थांब्यावर. मैलापूरवरून तिथे जायला नकाशा तीन-चार वेळा सरकवावा लागतो. आजींनी एकच बोट टेकवलं होतं, हललंसुद्धा नव्हतं.

शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. तो आम्ही कोणीच कधी भरत नाही. त्यात एक शब्द होता, देवनागरीत.

पोचलो.

रेवतीला बोलावलं. तिने टॅब उलटसुलट करून पाहिला. त्यात इंग्लिश आणि तमिळ, एवढेच कीबोर्ड आहेत. “मॅडम, काय लिहिलंय हे?” मी वाचून दाखवलं, अर्थ सांगितला. “पाट्टीने लिहिलं असेल?” ती म्हणाली. तिला कसं कळणार... बाईमाणूस पोचले म्हणेल, पोचलें म्हणेल. पोचलो नाही म्हणणार. पोचलो पुरुष म्हणतो.

मी दादाला फोन लावला.

“दादा, बाबा माझ्याकडे निघाले होते.”

तो म्हणाला, “तुला कोणी सांगितलं?”

“त्यांनीच. पोचलो की सांगतो म्हणाले होते...” एवढंच म्हणाले. आठ महिन्यांचं सगळं तिथेच, डिपार्टमेंटच्या कॉरिडॉरमध्ये, रेवतीच्या देखत बाहेर आलं. तिने निमूटपणे टॅब माझ्या हातातून काढून घेतला.

आमच्या कॉम्प्युटर विभागातल्या एकाला तो फॉर्म दाखवला. जीपीएस भरकटलं असेल म्हणाला. पण शब्द काही जीपीएसमधून येत नाही. मीच भान नसताना लिहिलं असेल का, याचाही विचार करून झाला. पण कुठल्या कीबोर्डवर? आजी पुन्हा दिसल्या नाहीत. रेवती अजून त्यांना शोधते, मी शोधत नाही.

तो फॉर्म हिशेबात धरता येत नाही म्हणून वेगळा ठेवलाय. पुसला नाही. प्रश्नावलीतला प्रश्न मात्र बदललाय, आता आम्ही आधी “दूरमा?” विचारतो, म्हणजे दूर काय. लोक स्वतःहूनच कुठे ते सांगतात.

संध्याकाळी घरी येताना दारातल्या थांब्यावर उतरले की मी पाच मिनिटं बाकावर बसते. कडेला बसते, शेजारी जागा सोडून. हे कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. बाबा मात्र आले होते... मी नको म्हटलं होतं, तरी.