एका खांद्यावरची झालर

नागापूर एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत ती पॅकिंगला होती आणि मी ऑफिसात. परदेशातल्या फॅशन शोमध्ये या हंगामात काय चाललंय, हे ती जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर बघायची आणि आठवडाभरात तसंच काहीतरी शिवून घालून यायची. एकदा फुग्यासारख्या बाह्या, एकदा जुन्या जरीच्या साडीचा चंदेरी कोट. पॅकिंगच्या बायका तोंडावर हसायच्या. "हसा की बायांनो, तेवढंच बरं वाटंल," म्हणत ती कामाला लागायची. मीही हसायचे, पण तिच्या माघारी.

मग कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढावा लागला. कामावर परतले ती ओढणी घट्ट लपेटूनच. साहेबांच्या मुलीच्या रिसेप्शनला मी येणार नाही, हे पॅकिंगमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. तिनं कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तुमचा येक जुना ड्रेस द्या मापाला."

चार दिवसांनी तिनं नवा ड्रेस हातात ठेवला. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत निळ्या रेशमाची दाट झालर, उजवी बाजू अगदी साधी.

"औंदा येकाच बाजूला झालर चाललीय. लई मोठ्या शोमधी हाय," ती दुसरीकडे बघत म्हणाली.

तो ड्रेस घालून मी रिसेप्शनला गेले खरी, पण हॉलच्या दारातच पाय अडखळले. तेवढ्यात ती समोरून आली. तिच्याही डाव्या खांद्यावर तशीच झालर होती. तिच्यामागून पॅकिंगच्या आणखी दोघी आल्या, त्यांच्याही.

"चला ताई, चौघींचा फोटू काढू," ती म्हणाली आणि माझा हात धरून मला आत घेऊन गेली.