चहाचा नवस

बायकोचं दुखणं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, त्या दिवशी छत्रीबागेतल्या घरी परतताना मी गल्लीतल्या गणपतीपुढे उभा राहिलो आणि चहा सोडला. ती बरी होईपर्यंत घोटभरही घेणार नाही, असं मनातल्या मनात बोललो. मी काही देवभोळा माणूस नाही. शहराजवळच्या राऊ गावातल्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो. घरच्या देवांची पूजा आधी आईने आणि मग बायकोने केली. माझा संबंध आरतीत टाळ्या वाजवण्यापुरता. पण हातावर हात धरून बसवेना, आणि चहाएवढं जिवाभावाचं माझ्याजवळ सोडण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

नवस कुणाला सांगायचा नसतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून तिलाही सांगितला नाही.

लग्न झाल्यापासून सकाळचा चहा आम्ही गॅलरीत बसून घेत आलो होतो. बोलणं विशेष नसे. भाजी काय आणायची, नळ किती वेळ होता, एवढंच. आता मी तिचा कप तिच्या हातात देई आणि समोर नुसता बसे. त्या वासाने जीव कासावीस व्हायचा. मग तेवढा वेळ मी देवघरात घालवू लागलो. गंध, फुलं, अथर्वशीर्ष, सगळं यथासांग.

"अहो, एकदम चाय बंद? तबियत ठीक आहे ना?" तिने एकदा विचारलं.

"ॲसिडिटी," मी म्हणालो.

ती गेली. तिचे दिवस झाल्यावर गुरुजींना बाजूला घेऊन मी विचारलं, आता नवसाचं काय करायचं?

"फळलाच नाही, तर फेडायचा काय? नमस्कार करा और आराम से चाय पिओ," असं म्हणून ते चपला घालू लागले.

मला त्यांचा भयंकर राग आला. फळलेल्या नवसाची एवढी उस्तवार, आणि आमच्यासारख्यांसाठी काहीच नाही! मी चहा घेतला नाही. घेतला असता तर ती गेली हे कबूल करावं लागलं असतं. तिच्यासाठी करण्यासारखं तेवढंच एक माझ्याकडे उरलं होतं, आणि त्यालाच मी श्रद्धा समजत होतो.

दिवसांसाठी आलेली मुलगी माझ्यासोबत राहिली होती. एका सकाळी तिने गॅलरीत दोन कप आणले. मी नको म्हटलं, तशी ती उखडली.

"बाबा, आता तरी बसा ना कोणाजवळ! आई फोनवर म्हणायची, ह्यांना माझ्यासोबत चायसुद्धा नकोशी झालीय. कप देतात आणि देवघरात निघून जातात. बीमार माणसाजवळ किती दिवस मन लागणार, म्हणायची."

मग मी तिला नवसाचं सगळं सांगितलं.

"तुम्ही आईला एकदा तरी सांगायचं होतं," ती म्हणाली.

"सांगितला की नवस फळत नाही."

"मग फळला?"

रडत रडत विचारलं तिने, टोमणा नव्हता त्यात. बायकोच्या शेवटच्या सकाळी माझ्या हातात होत्या. त्या मी देवाला देऊन टाकल्या. त्याने त्या मागितल्याही नव्हत्या.

मुलीने कप पुढे सरकवला. मी घेतला. चहा चांगला झाला होता, आणि त्याचंच मला जास्त रडू आलं.