जमण्याची जागा : मागचं मैदान

आग लागल्यावर माणसांनी पळून कुठं जावं, याचा आराखडा मी एकदा लिहिला आणि अख्ख्या हापिसाला नेऊन कापसात उभं केलं. लिहिणारी कोण, तर कापूसवाल्याची लेक. हसा, मीही हसते.

यवतमाळातून लोहाऱ्याकडं जाताना विद्यापीठाचं एक उपकेंद्र होतं. तिथं प्रशासन विभागात मी अधीक्षक. अधीक्षक म्हणजे काय, ते माझ्या तेव्हाच्या मानेकडं बघून कळायचं. ती खाली वाकतच नसे. वरून फर्मान आलं, प्रत्येक विभागानं आपत्कालीन आराखडा करावा. मी भर पावसाळ्यात तो केला. मेन स्विच कोणी पाडायचा, उत्तरपत्रिकांची कपाटं कोणी लावायची, जिन्यात कोणी थांबायचं, सगळं लिहिलं. मग सगळ्यांनी जमायचं कुठं? खिडकीतून मागचं मैदान दिसलं. हिरवं, मोकळं, एक गाय चरत होती. लिहून टाकलं : मागचं मैदान. साहेबांनी सही केली.

रंगीत तालीम ठरली हिवाळ्यात. मैदानाला लागूनच कापूस खरेदी केंद्र. ती वर्षं कापसाच्या हालाची. व्यापारी भाव देईनात म्हणून जो तो सरकारी काट्यावर. काटा मधेच बंद पडे, आणि कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग केंद्राच्या फाटकातून निघून आमच्या मैदानात वळसे घेई. हे मी रोज बघत होते. पण माझ्या आराखड्यात मैदान मोकळं होतं ना!

तालमीच्या सकाळी बंड्या हलवा म्हणून सांगायला गेले. पहिल्याच बंडीवर माझ्याच वयाची एक बाई कापसावर बसून भाकर खात होती. घरधनी तापानं पडलेला, म्हणून ती एकटीच आली होती; घरचा सगळा कापूस त्या बंडीत. बंडी हलली की नंबर गेला, म्हणाली, मग पार सडकेपासून पुन्हा सुरुवात, आणि बैलांचा कडबा तर सरत आलेला. मी मोठ्या मनानं परवानगी दिली. तुमचा आम्हाला काही त्रास नाही, असंही वर म्हटलं.

तालीम खरी वाटावी म्हणून धूर करायची कल्पना माझीच. इमारतीमागं लोखंडी ड्रम ठेवून त्यात रद्दी नि कडुनिंबाचा ओला पाला पेटवायला लावला. मग मी शिट्टी फुंकली. मंडळी शिस्तीत बाहेर आली, लेखा विभाग चहाच्या कपांसकट. बंड्यांच्या मधूनमधून रांगा लागल्या. एका बैलानं आमच्या टंकलेखिकेची शाल चाटली. मी डोकी मोजत होते, छाती फुगवून.

तेवढ्यात ड्रममधून अर्धवट जळलेला कागद उडाला. कडेला धगधगती लाल रेघ, आणि वाऱ्यावर तरंगत तो माझ्या डोक्यावरून बंड्यांकडं निघाला. तेव्हा कुठं माझ्यातली शेतकऱ्याची पोर जागी झाली. वेचणीच्या दिवसांत आमच्या घरी कापसाच्या खोलीकडं कोणी कंदीलसुद्धा नेत नसे. बाबा चिलीम विझवून, राख भिजवून मगच घरात पाय ठेवत. आणि मी त्यांची शिकलेली लेक, शिट्टी गळ्यात अडकवून कापसाशेजारी होळी पेटवून उभी!

मी वाळूच्या लाल बादल्यांकडं धावले. त्या वाळूत कोणी उदबत्त्या खोचून ठेवलेल्या. त्यांच्यासकट बादली ड्रमवर उपडी केली, मग दुसरी, मग तिसरी. धूर बसला. वळून बघते तर ती बाई कापसावर उभी. कागद तिनं वरच्यावर, टाळी वाजवावी तसा दोन्ही तळव्यांत चिरडला होता. कापूस पांढराशुभ्र होता. तिचा एक तळवा मात्र लाल.

त्याच दुपारी मी आराखड्यातली जमण्याची जागा पुढच्या दारासमोर आणली आणि धूर कायमचा रद्द केला. मग मी मलम घेऊन तिच्याकडं गेले. माझं लुगडं काळं झालेलं, मान पहिल्यांदाच खाली. माफी मागत मलम पुढं केलं. तिनं मलम लावून घेतलं, थोडी सरकली, शेजारची जागा थोपटली आणि म्हणाली,

"बसा बाई. तुमच्या हापिसाले कधी खरंच आग लागली त बिनघोर या आमच्यापाशी, बसाले जागा देऊ. फक्त येतानी आग संगं आणू नोका."