टोक सुटलेला रोल

वर्तमानपत्राची नोकरी सोडल्यापासून मी अकोल्याहून निघते, वऱ्हाडातली गावं फिरते आणि फिल्मवरच फोटो काढते. त्यात हळवेपणा नाही. रोल संपतो, हे ठाऊक असतं, म्हणून बटण दाबण्याआधी जास्त वेळ पाहिलं जातं. एवढं कारण मला पुरतं.

फिल्मचं मोठं रीळ आणून त्याचे तुकडे मी घरीच रोलच्या जुन्या, रिकाम्या डब्यांत भरते. प्रत्येक तुकड्याचं टोक डब्यातल्या चकरीला चिकटपट्टीने लावावं लागतं. इथल्या उन्हाळ्यात त्या पट्टीचा गोंद पातळ होतो.

शेंदूरजनाघाटजवळच्या एका संत्र्याच्या बागेत तो पातळ झाला. झाडं वाळली होती आणि त्या दुपारी जेसीबी ती उपटणार होता. ज्यांनी ती लावली त्या काकूंना झाडांसोबत फोटो हवे होते. सकाळभर मी ते काढले. रोल संपल्यावर डब्यात परत गुंडाळायला घेतला, तर कॅमेऱ्यावरची मूठ सैल फिरली. टोक चकरीपासून सुटलं होतं. फिल्म कॅमेऱ्यात उघडी होती. उजेडात झाकण काढलं असतं तर एकही फोटो उरला नसता. तोवर जेसीबी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पोचला होता आणि पहिली रांग आडवी होत होती.

काकूंचा मुलगा हसला. "मोबाईलनं काढले असते त आतापावतो स्टेटसले लागले असते, ताई. या डब्ब्यात काय हाय?"

"तुझी आई आहे," मी म्हणाले.

"तू चूप बैस," काकू त्याला म्हणाल्या. "ताई, काय पायजे तुमाले?"

"पूर्ण अंधार."

"भर दुपारी अंधार मांगून राहिल्या!" मुलगा म्हणाला, पण रजया त्यानेच आणल्या.

आतल्या खोलीला खिडकी नव्हती, मात्र पत्र्याला भोकं होती. मी जमिनीवर कॅमेरा घेऊन बसले. अंगावर दोन रजया, त्यांवर ताडपत्री. काकूंनी कडा दाबून धरल्या. फिल्म हाताने गुंडाळून काळ्या डबीत घालायची होती. घामाचा थेंब पडला तर फिल्म फिल्मला चिकटते, म्हणून दर दोन वळशांनी मी पंच्याला हात पुसत होते. श्वास लागत होता. बाहेर जेसीबीचा आवाज थांबत नव्हता.

"झालं काय?"

"नाही."

"मंग मी सोडत नाई."

डबीचं झाकण लावून बाहेर आले, तेव्हा अर्धी बाग जमिनीवर होती.

अकोल्यात, जुन्या शहरातल्या माझ्या घरी, नळाचं पाणी फिल्म धुण्याच्या लायकीचं नव्हतं, इतकं तापलेलं. माठाचं पाणी वापरून रसायन थंड केलं. रोल चांगला निघाला. एका फोटोच्या कोपऱ्यात तेवढा पांढरट डाग होता.

छापलेले फोटो घेऊन गेले तेव्हा शेत नांगरलेलं होतं. काकू फोटोवर बोट ठेवत होत्या: हे धुऱ्यावरचं, हे विहिरीजवळचं, याले पहिलं फळ आलं होतं.

"हा डाग कायचा?" मुलाने विचारलं.

"माझा घाम."

त्याने तो फोटो उजेडात धरून पुन्हा पाहिला. "पाण्यापावसात मोसंबीची रोपं लावून राहिलो. तवा येजा, ताई. डब्बा घेऊन."

पावसाळ्यासाठी रोल भरून ठेवले आहेत. चिकटपट्टीवर आता सुताचा घट्ट फेराही आहे.