गाडीत नसलेल्या एअरबॅग

पोलीस खात्यातल्या नोकरीत मी नोंदवलेले बरेचसे गुन्हे आता विसरलो आहे. न नोंदवलेली एक तक्रार मात्र अजून विसरता आलेली नाही.

तेव्हा मी कर्जत-खालापूर भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपली आणि भिसेगावच्या एक शिक्षिका नव्या गाडीचे कागद घेऊन आल्या. त्यांना गाडीत जादा काही नको होतं, फक्त मुलीसाठी बाजूच्या एअरबॅग हव्या होत्या. कंपनी त्या सुट्या देत नव्हती. सनरूफ, मोठा स्क्रीन, भारी चाकं असं सगळं पॅकेज घेतलं तरच त्या मिळत. ते परवडेना म्हणून बाई उठल्या, तेव्हा शोरूमच्या सेल्समनने तेवढ्या सुट्या बसवून देण्याचं कबूल केलं. गाडी आली. सीटच्या कडेला 'एअरबॅग' असं लिहिलेली पट्टीही शिवलेली होती. पण बाहेरच्या एका मेकॅनिकला शंका आली.

मी कागद चाळले आणि हा ग्राहक मंचाचा विषय आहे, असं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "साहेब, मला पैसे परत नकोत. बॅगा खरंच आत आहेत का, एवढं बघा."

त्या दिवशी बंदोबस्ताची गडबड होती. मी अर्जावर शिक्का मारून त्यांना वाटेला लावलं.

चार महिन्यांनी खालापूरजवळ एका टेंपोने नव्या गाडीला डाव्या बाजूने धडक दिली. मोहोपाड्याच्या कारखान्यातले एक कामगार गाडी चालवत होते. शेजारी बसलेली त्यांची पत्नी दवाखान्यात पोचण्याआधीच गेली. टेंपोचालकावर गुन्हा नोंदवला आणि तपास संपल्यासारखाच वाटला.

तिसऱ्या दिवशी सीटकव्हर शिवणारा एक कारागीर ठाण्याच्या फाटकाशी घुटमळताना दिसला. त्याला आत बसवून चहा दिला. कोणी भीतीने येतं, कोणी ओझं सहन न होऊन येतं. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला फार विचारावं लागत नाही. तो खाली बघत म्हणाला, "साहेब, त्या गाडीत बाजूची बॅग नाय. पट्टी मीच शिवलीय. अशा अजून गाड्या हायेत."

पंचांसमक्ष सीट उसवली. आत नुसता फोम होता. पंचनामा सांगताना मला त्या शिक्षिकेचा अर्ज आठवला.

दोन्ही गाड्या विकणारा सेल्समन एकच निघाला: तिशीतला, नीटनेटका, प्रत्येक वाक्याला 'सर' म्हणणारा. दोन तास तो कंपनीकडे बोट दाखवत राहिला. शेवटी कोणत्या गाडीत कारखान्यात काय बसवलं होतं याची, चेसिस नंबरवरून कंपनीने पाठवलेली यादी आणि कारागिराचा जबाब मी त्याच्यापुढे ठेवला. या बॅगा कारखान्यातच बसतात, नंतर सुट्या बसवता येत नाहीत, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

"एवढ्या एका गोष्टीसाठी गिऱ्हाईक उठून जातं, सर," तो म्हणाला. "आणि वाटलं, त्या लागणार आहेत कोणाला?"

अशा सात गाड्या निघाल्या. सर्वांत आधी विकलेली गाडी शिक्षिकेची होती.

खटला उभा राहिला. शिक्षिकेच्या उलटतपासात वकिलाने विचारलं, शंका होती तर तेव्हाच पोलिसांकडे का गेला नाहीत? त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"गेले होते. या साहेबांकडेच."

आपली साक्ष संपवून ते कामगार मागच्या बाकावर बसले होते. तपास लावल्याबद्दल त्यांनी अनेकदा माझे आभार मानले होते. ही गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नव्हती. बाहेर व्हरांड्यात ते माझ्यापाशी आले.

"तुमी सांगायला पायजे होतं," एवढंच म्हणाले आणि एसटी स्टँडकडे चालू लागले.

सेल्समनला शिक्षा झाली. बॅग असती तर त्या कामगारांची पत्नी वाचली असती का, हे डॉक्टरही खात्रीने सांगू शकले नाहीत. त्यानंतर निवृत्तीपर्यंत कोणतीही तक्रार दिवाणी म्हणून परत पाठवण्याआधी मी एक प्रश्न विचारत आलो: यात कोणाच्या जिवाला धोका आहे का? शिक्षिका तर ते मी न विचारताच सांगत होत्या. मला मात्र त्यात गाडी, पॅकेज आणि पावती एवढंच ऐकू आलं.